पुळणीस अनावृत पत्र

प्रिय पुळणीस,



तुझ्याविषयी हल्ली फार वाईट बोललं जातं, म्हणून हे पत्र. बोलणाऱ्यांच्याही नजरेस पडावं म्हणून ते उघड लिहितोय. अलिबाग-नागावपासून देवबाग-तारकर्लीपर्यंत तुझ्यावर नवी घरं उठतायत. घराचा रंग वाळला की मालकाला बाग हवी होते आणि बागेपुढे हिरवळ. मग कुणीतरी जाणकार येतो, तुझी मूठभर वाळू उचलतो, बोटांतून गळू देतो आणि निकाल सांगतो, ‘ह्यात काय होणार नाय. वर फूटभर तांबडी माती टाका.’ दोन दिवसांत डंपर दारात उभा.

त्या फूटभर मातीचा हिशेब कुणी करत नाही. एका गुंठ्यावर फूटभर भर घालायची तर जवळजवळ ११ ब्रास माती लागते. ती कुणाच्या तरी डोंगराचा कडा खरवडूनच येते. तिथे झाडं होती, त्यांच्या मुळांनी धरलेली ती माती होती. पहिल्याच मोठ्या पावसात तो उघडा कडा ओहोळाला लागतो आणि खाडीचं पाणी लाल होतं. इथे बाग करायला तिथला डोंगर उघडा करायचा, असा हा सौदा.

बरं, एवढं करून तुझी सुटका होते का? नाही. बारीक कणांची माती वर आणि भरड वाळू खाली असे दोन वेगळे थर केले, की पाणी त्या सांध्यावर अडतं. वरची माती पुरती भिजून तट्ट होईपर्यंत ते खाली वाळूत उतरतच नाही. म्हणून जुलैत त्या हिरवळीवर पाय ठेवला की पचकन पाणी येतं आणि गवताची मुळं कुजतात. मार्चमध्ये तीच तांबडी माती विटेसारखी कडक होते. मुळं वरच्या थरातच घुटमळलेली असतात, खाली तुझ्यात उतरलेली नसतात, त्यामुळे ऊन चढलं की आधी तेच गवत करपतं. आणि दोष पुन्हा तुलाच: ‘खाली पुळण आहे ना, म्हणून.’

तू मुळात कशी आहेस हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्यावी, बरणी पाण्याने भरावी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून खूप हलवावी आणि ठेवून द्यावी. मळ्याची माती असेल तर वाळू मिनिटभरात बसते, पोयटा दोन-तीन तासांनी, आणि चिकणमातीने पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ राहतं. तुझी बरणी मात्र बघता बघता निवळते. तळाला सगळी वाळू, तिच्यावर पोयट्याची एक पुसट रेघ आणि वर तरंगणारा काडीकचरा, बस्स.

तुझा कण ०.०५ ते २ मिलिमीटरचा. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. कण जितके बारीक, तितकं त्यांच्या पृष्ठभागाचं क्षेत्र अफाट, आणि पाणी, पोटॅश, चुना, मॅग्नेशियम हे सगळं त्या पृष्ठभागाला धरून राहतं. तुझ्याकडे ते धरायला जागाच नाही. फूटभर खोलीत झाडाच्या उपयोगी पडेल असं पाणी तू जेमतेम पाऊण-एक इंच धरतेस. चांगली पोयट्याची जमीन त्याच्या दुप्पट धरते. त्यातून कोकणचा पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरचा, बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळणारा. जूनच्या आरंभी टाकलेला युरिया जुलैपर्यंत तुझ्यात राहील ही आशाच चुकीची.

तू हातावर पोट असलेली आहेस, एवढंच. रोजचं मिळालं तर रोज नीट भागवतेस. एकदम पोतंभर दिलं तर ठेवायला तुझ्याकडे कोठार नाही. तुझ्याशी वागायचं कसं, हे एवढं कळलं की निम्मं काम झालं. पाणी थोडं आणि वारंवार द्यायचं. खत एका वेळी द्यायचं ते चार वेळा वाटून द्यायचं. आणि दरम्यान, हळूहळू, तुझ्यात एक कोठार बांधायला घ्यायचं. ते कोठार म्हणजे कुजलेला पाला, शेण, मुळं, म्हणजेच सेंद्रिय अंश. तुझ्या बाबतीत दुसरं कुठलंही औषध याच्या आसपास येत नाही.

हे नव्याने शोधायची गरज नाही. तुझ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यात. नारळाची सोडणं आपल्याकडे कधी वाया जात नव्हती. आळ्यात चर खणून ती पोट वर करून रचायची, वर माती ओढायची, की प्रत्येक सोडण पावसाचं पाणी भरून घेतं आणि उन्हाळ्यात थोडं थोडं मुळांना सोडतं. कासरगोडची केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थाही हीच पद्धत सांगते, आणि एकदा पुरलेल्या सोडणांचा उपयोग पाच ते सात वर्षं टिकतो. झावळ्या आळ्यातच कापून टाकायच्या, गोठ्याचं शेण, चुलीची राख, मासळीचं खत आलटून पालटून घालायचं. आज ज्या वाडीच्या मातीला काळसर छटा आहे आणि जिथे सुपारीखाली मिरीचे वेल आणि जायफळ बिनतक्रार उभे आहेत, तीही खाली खणली तर तूच आहेस. ती काळी छटा डंपरमधून आलेली नाही.

तेव्हा नवीन बंगलेवाल्यांच्या वतीने मी तुला एक वेळापत्रक लिहून देतो. त्यांनी ते पाळलं नाही तर तू त्यांचं गवत जाळायला मोकळी आहेस.

एप्रिल-मे महिन्यात तुझ्यातला बांधकामाचा कचरा निघेल: सिमेंटचे गोळे, चुन्याची ढेकळं, प्लास्टिक. तुझ्यात शिंपल्यांचा चुना आधीच पुष्कळ असतो. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं की समजावं, इथे चुना आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यालाच शेतकरी केवडा पडला म्हणतो. तिथे सिमेंटची भर घालणं म्हणजे दुखण्याला आणखी खतपाणी. चुनखडी टाका असा सल्ला कुणी दिला तर त्याला बरणी आणि व्हिनेगर दोन्ही दाखवावं.

जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर तुझ्यावर ताग पेरला जाईल. गुंठ्याला अर्धा किलो बी पुरे. खाडीच्या बाजूला जमीन खारट असेल किंवा पाणी साचत असेल तर तागाऐवजी धैंचा. दोन्ही द्विदल, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र बांधणारी पिकं. पण तुझ्यासाठी त्यांचा दुसरा गुण जास्त मोलाचा. ऐन पावसात जे अन्न तुझ्यातून वाहून गेलं असतं, ते ही झाडं आपल्या अंगात धरून ठेवतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलं लागता लागता आणि देठ निबर होण्याआधी, ती कापून तुझ्यातच गाडायची. मग दोन-तीन आठवडे काही करायचं नाही. कुजायला तेवढा वेळ लागतो.

सप्टेंबर सरता सरता, पावसाचा जोर ओसरला की खत. दोन इंच थर, आणि तो वरच्या सात-आठ इंचांत नीट मिसळलेला. एका गुंठ्याला हे काम दोन ब्रासच्या आतच होतं. कुठे अकरा ब्रास डोंगर आणि कुठे दोन ब्रास शेणखत! मात्र खत पुरतं कुजलेलं, हातात घेतल्यावर भुसभुशीत लागणारं आणि वास न येणारं हवं. अर्धकच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि पुढे हिरवळीची मुळं कुरतडतात. काथ्याचा भुसा पाणी उत्तम धरतो, पण कच्चा घातला तर कुजताना तो मातीतलाच नत्र खातो. कित्येकदा तो खारटही असतो. धुऊन, शेणाबरोबर कुजवूनच तो तुझ्यात यावा. तलावाचा किंवा विहिरीचा गोड्या पाण्याचा गाळ मिळाला तर इंचभर जरूर घ्यावा, पण तोही थर म्हणून पसरायचा नाही, मिसळायचा. खाडीचा गाळ मात्र कितीही काळाभोर, लोण्यासारखा दिसला तरी नको. त्यातलं मीठ धुऊन निघेपर्यंत बाग राहणार नाही.

हे सगळं तुझ्यात कायमचं राहील अशा भ्रमात कुणी राहू नये. उष्ण, दमट हवेत आणि तुझ्यासारख्या हवेशीर जमिनीत सेंद्रिय अंश झपाट्याने जळतो. म्हणून दरवर्षी थोडं थोडं घालत राहावं लागतं आणि तुला कधी उघडं ठेवायचं नसतं. झाडांखाली पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. तू एकदा कडकडीत वाळलीस की तुझ्या कणांवरचा सेंद्रिय मेणाचा लेप पाणीच आत घेत नाही. सुरूच्या बनात मे महिन्यात तांब्याभर पाणी ओतून बघावं. थेंब वाळूवर गोळ्या होऊन घरंगळतात आणि बोटभर खाली सगळं कोरडं ठाक. अशा वेळी पाइपाचा जोर वाढवून उपयोग नसतो. थोडं शिंपून थांबावं, पुन्हा शिंपावं, मग तुझी तहान भागते.

आता हिरवळीविषयी. गवताला तू वाईट नाहीस, उलट चांगली आहेस. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली ग्रीन बांधायची जी पद्धत छापली, तिच्यात मुळांसाठी फूटभर थर मुख्यतः वाळूचाच असतो, कारण वाळू पायांखाली घट्ट दबत नाही आणि पाणी साचू देत नाही. लोक ज्याला तुझा दोष म्हणतात, त्यासाठी तिथे पैसे मोजतात. पण तिथे रोजचं पाणी आणि मोजूनमापून खत द्यायला माणसं ठेवलेली असतात. इथे ते कोण देणार? एका गुंठ्यावर दिवसाला नुसतं पाच मिलिमीटर पाणी म्हणजे ५०० लिटर. ते येणार कुठून, तर तुझ्याच पोटातल्या विहिरीतून.

आणि माझी खरी काळजी तीच आहे. समुद्रालगत तुझ्यातलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जेवढी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खोल ते खाली गेलेलं असतं. म्हणजे पंपाने उपसून वरची पातळी फूटभर उतरवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर येऊ पाहतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती एकट्या बंगल्याची होत नाही, शेजारच्या वाडीचीही होते. शिवाय हिरवळ चमकावी म्हणून ओतलेल्या युरियाचं नायट्रेट तू अडवत नाहीस, सरळ त्याच पाण्यात सोडतेस. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट नको असं आपलं भारतीय मानक सांगतं, पण विहिरीचं पाणी तपासायला नेतो कोण?

म्हणून हिरवळ हवी तर लहान असावी. पोरांना लोळता येईल, संध्याकाळी चार खुर्च्या मांडता येतील एवढीच. तीही हरळीची. आपली हरळी ऊन सोसते, तुडवण सोसते, थोडं खारटही सोसते, आणि पाणी तुटलं तर सुकून पुन्हा फुटते. नारळाच्या सावलीत मात्र ती धरत नाही. तिथे हट्ट न करता अळू, हळद, लिली लावावी. समुद्राच्या बाजूला उंडी, भेंड, केवडा यांची ओळ धरली की खारा वारा तिथेच मोडतो. अगदी पुढे, भरतीच्या रेषेजवळ, मर्यादवेल आपणहून पसरलेली असते. ती उपटून तिथपर्यंत हिरवळ नेऊ नये, कारण तिथे तुला जागेवर धरून ठेवणारी तीच आहे.

तुझ्याकडे मागणं एकच. पहिल्या वर्षी लोकांना फार काही दाखवू नकोस. ज्यांना महिन्याभरात हिरवंगार हवंय, त्यांनी गवताच्या गालिच्याचे फोटो काढावेत आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पैसे मोजावेत. जे एक पावसाळा तागासाठी सोडतील, त्यांना दुसऱ्या वर्षी थोडं जास्त दे, तिसऱ्या वर्षी आणखी थोडं. बाग त्यांचीच होऊ दे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच,
तुझ्या काठचा एक वाडीवाला

ता. क. ताग गुडघाभर वाढला की शेजारपाजारचे विचारतील, ‘बंगल्यापुढे हे रान कशाला वाढवलंय?’ मालकांनी त्यांना आत बोलावून चहा द्यावा आणि अकरा ब्रासचा भाव विचारून घ्यावा.