गिरणगावात, चालत!

लोअर परळला ऑफिस असलं की जिमचे पैसे वाचतात. लोकलमधली धक्काबुक्की, पुलावरची रेटारेटी, मग शेअर टॅक्सीची लाइन. लॉगिन करेपर्यंत वर्कआउट कम्प्लीट! पण बॉस, एवढी ऑफिसं इथेच का? आणि त्या मानाने स्टेशनं एवढीशी का?

उत्तर हवं असेल तर मान वर करा. काचेच्या टॉवर्समध्ये एखादी विटांची चिमणी अजून दिसते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढे परळ, लालबाग, वरळीपर्यंत गिरणगाव पसरलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. राहणं अजिबात ऐषारामाचं नव्हतं. पण भोंगा वाजला की बहुतेक जण चाळीतून निघून चालत गेटवर पोचायचे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. उरली जमीन. १९९१ च्या नियमात तिचे साधारण तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची! २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. म्हणजे मैदानं आणि परवडणारी घरं आक्रसली, मॉल आणि ऑफिसं फोफावली.

गंमत इथेच आहे. कामाची जागा परळलाच राहिली, राहायची जागा मात्र विरार-डोंबिवलीला गेली. चालत येणाऱ्यांच्या वस्तीत आता लोकल भरभरून माणसं उतरतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. २०१८ मध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नवा पूलही आला. गर्दी तीच आहे.

मला विचाराल तर शहर किती वाढलं हे टॉवरच्या मजल्यांवरून मोजू नका. तिथे काम करणाऱ्या माणसाला घरी जायला किती वेळ लागतो, ते बघा. आज लंचनंतर लालबागच्या चाळींकडे एक चक्कर टाका. चालत!