हरलेल्या बाजूचा एक तास

विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली, हे आमच्या हिमायतनगरातलं शाळकरी पोरही सांगतं. या मताला कधीकाळी तोडीस तोड प्रतिपक्ष होता आणि त्या बाजूने कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण उभा होता, हे मात्र त्याच्या कानावर येत नाही.

१९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका दूर सरतात तसतसं नवं द्रव्य अगदी सावकाश निर्माण होत राहतं. १९६१ मध्ये केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून हा सिद्धांत खोडून काढल्याचा दावा केला. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यायला हॉइल यांचा विद्यार्थी उभा राहिला. तो होता बावीस वर्षांचा जयंत नारळीकर.

पुढे १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत दिला. एखाद्या वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या उरलेल्या साऱ्या द्रव्यामुळे ते ठरतं, हा भौतिकशास्त्रज्ञ माख यांचा विचार त्यांनी गणितात बसवला. मला ही कल्पना आजही विलक्षण सुंदर वाटते.

१९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेलं, महास्फोटाची उरलेली ऊब मानलं गेलेलं सूक्ष्मलहरी प्रारण जाहीर झालं आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीची बाजू सोडली. पुरावा महास्फोटाकडेच झुकतो, हे मलाही मान्य आहे. पण हरलेल्या बाजूचा एक प्रश्न फळाला आला: तप्त आरंभच नाकारला, तर कार्बन, लोह घडणार कुठे? ताऱ्यांच्याच पोटात. हॉइल १९४६ पासून याच मागावर होते. बर्बिज दांपत्य आणि फाउलर यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये लिहिलेला निबंध आज महास्फोटवाद्यांनाही आधारभूत आहे. आपल्या रक्तातलं लोह कुठून आलं, हे हरलेल्या बाजूच्या माणसाने शोधलं!

नारळीकर मागे हटले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी स्थिर स्थिती सिद्धांताचं सुधारित रूप मांडलं. ते फारसं स्वीकारलं गेलं नाही, तरी २०२५ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत त्यांनी महास्फोटाला प्रश्न विचारणं सोडलं नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांनाही ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल.

आमच्या तालुक्यातल्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे. महास्फोट शिकवाल तेव्हा एक तास नारळीकरांच्या बाजूला द्या, आणि वर्गातल्या एखाद्या मुलीला ती बाजू मांडायला उभं करा.