जलंब जंक्शन आणि माहितीच्या गाठी

१/ इंटरनेट कसे चालते हे मला संगणकाच्या पुस्तकातून कधीच नीट उमगले नाही. ते उमगले जलंब जंक्शनच्या फलाटावर, खामगावच्या गाडीची वाट पाहताना. जेमतेम १३ किलोमीटरचा हा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो वऱ्हाडच्या कापसासाठी.

२/ मोकळा कापूस दूर नेणे परवडत नाही. म्हणून सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, गाठीवर खूण व क्रमांक घालायचा. इंटरनेटवरही छायाचित्र वा पत्र अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. त्यामुळे एकाच तारेवरून अनेकांचा माल जातो, कोणा एकामुळे मार्ग अडत नाही. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डोनाल्ड डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात दिले.

३/ जलंबला आलेला डबा भुसावळकडे वळवायचा की नागपूरकडे, एवढाच प्रश्न असतो. आत काय आहे, याच्याशी सांधेवाल्याला कर्तव्य नसते. राउटर हेच करतो : पत्ता वाचतो, पुढचा टप्पा निवडतो. पत्त्याचे हे नियम म्हणजे आयपी.

४/ येथे उपमा थोडी अपुरी पडते. पॅकेट निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोहोचतात, काही हरवतातही. आयपी पोहोचण्याची हमी देत नाही. क्रमांक लावणे, पोच घेणे, पोच न आल्यास तुकडा पुन्हा पाठवणे ही जबाबदारी टीसीपीची. व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४ साली हा विचार मांडला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या पद्धतीवर आले.

५/ १८७० सालीच मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. पत्राला आठवडे लागत, तो लिव्हरपूलचा भाव आता तारेने येऊ लागला. वाटेवरचा तारबाबू संदेश उतरवून घेई आणि पुढच्या तारेवर चढवी. राउटरचा पूर्वज असा हाडामांसाचा होता.

६/ मात्र तो भाव आधी व्यापाऱ्याच्या हाती पडे, शेतकऱ्याच्या नव्हे. १८९९-१९००च्या दुष्काळात रूळ शाबूत होते, ताराही शाबूत होत्या. तरीही १८९१ ते १९०१ या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या घटली.

७/ आज माझे बाबा कापूस गाडीत भरण्यापूर्वी मोबाइलवर बाजार समितीचा भाव पाहतात. गेल्या हंगामात भाव पडलेला दिसत होता, तरी त्यांनी माल विकला. उसनवारी फेडायची तारीख भावासाठी थांबत नाही. तेव्हापासून कोणत्याही जाळ्याचा इतिहास वाचताना मी दोन प्रश्न विचारतो : निरोप कसा पोहोचतो? आणि तो पोहोचल्यावर थांबणे कोणाला परवडते?