सुपाची किंमत

लोंढ्याचे नाव काढताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते रेल्वेचे जंक्शन. परंतु ज्या रानातून येथील गाड्या गोव्याकडे जातात, त्या रानातील वेळूनेही आपल्या खानापूर तालुक्यातील घरे सजविली आहेत. भात पाखडावयाचे सूप, तांदूळ धुवावयाची रोवळी, कोंबड्यांचे डालगे, धान्याची कणगी, ही सारी बुरुडांच्या हातची देणगी होय. कानडीत त्यांस मेदार म्हणतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी जे शरण होऊन गेले, त्यांतील मेदार केतय्या टोपल्या विणूनच निर्वाह करीत असत.

गेल्या सुगीच्या आधी मी एका वृद्ध बुरडिणीकडे सूप घ्यावयास गेले. तिने दीडशे रुपये सांगितले. प्लास्टिकचे सूप याहून स्वस्त मिळते, असे म्हणून मी शंभरावर अडून बसले. अखेरीस ती कबूल झाली. “अक्का, बसा की जरा, कड बांधून देते,” एवढेच म्हणाली.

मी बसले व तिचे काम पाहू लागले. कोवळ्या वेळूस कीड लवकर लागते, म्हणून तो चालत नाही. चांगला जून वेळू हवा. तो कोयत्याने उभा चिरावयाचा, पेरांच्या गाठी तासावयाच्या, आतील मऊ भाग निराळा करून पाठीच्या चिवट भागाच्या पातळ कामट्या काढावयाच्या, विणकाम त्यानंतरचे. गंमत म्हणून मीही एक कामटी सोलावयास घेतली, तो बोटातून रक्त आले. तिने माझे बोट आपल्या पदराने दाबून धरले, तेव्हा तिच्या बोटांवरील जुने व्रण मला दिसले.

“मावशी, दिवसात किती सुपे होतात?” मी विचारले.

“दोन. वेळूचे पैसे त्यातूनच जातात. लेक गोव्यास हॉटेलात लागला. त्याला हे काम नको.”

इतके ऐकूनही, ठरले ते ठरले, असे मनाशी म्हणत मी शंभरच रुपये देऊन घरी आले.

रविवारी मिस्सेच्या वेळी ते बोट ठणकत होते. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात शिकविले आहे की, गरजेपोटी मजूर कमी वेतनास कबूल झाला, तरी ज्यात त्याचा निर्वाह होत नाही तो करार अन्यायाचाच होय. ही शिकवण कारखानदारांसाठी आहे, असे मी आजवर समजत होते.

उत्तर अमेरिकेत अनिशिनाबे नावाचे आदिवासी लोक काळ्या अ‍ॅश वृक्षाचे ओंडके कुटून त्यांचे पदर सुटे करतात व त्यांच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. 2002 साली मिशिगन राज्यात आढळलेल्या एका हिरव्या भुंग्याने अ‍ॅशचे कोट्यवधी वृक्ष मारले. झाडे गेली तरी कला राहावी म्हणून ते लोक त्यांचे बी जपून ठेवीत आहेत. आपल्याकडे वेळू रानात उभा आहे. नाहीसा होत आहे तो विणणारा हात. आणि त्यास लागलेली कीड आपली घासाघीस तर नव्हे ना?

सोमवारी मी उरलेले पन्नास रुपये घेऊन गेले. ती घेईना. “हे दान नव्हे, मावशी, तुमचेच आहेत,” असे म्हटले, तेव्हा तिने ते कनवटीस लावले.

पाच हजारांच्या भोजनानंतर उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. त्याही कोणाच्या तरी कष्टी बोटांनीच विणल्या असतील.