कणेरीची आमची फेरी

पुण्यामुंबईचे पाहुणे ईदला आले की मुलांना इमॅजिकाच्या गोष्टी सांगतात. उंच पाळणे, अंधारातली गाडी, पाण्यातल्या घसरगुंड्या. आमच्या हुपरीच्या मुलांचे 'पार्क' म्हणजे कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय. पंचतारांकित एमआयडीसीच्या रस्त्याने कागलकडे निघायचे, पुणे-बंगळूर हायवेला लागायचे आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात आत वळायचे. ईदच्या तिसऱ्या दिवशी, पाहुण्यांची वर्दळ ओसरली की आम्ही निघतो. जोहरची नमाज घरी, असरला परतीच्या वाटेवर.

डबा ठरलेला असतो. मठाचा परिसर, म्हणून बिर्याणी घरीच राहते. मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेला शीरखुर्मा. गार झालेला शीरखुर्मा झाडाखाली बसून खाण्यात जी मजा आहे ती ईदच्या सकाळीही नसते, असे आमच्या घरात सगळ्यांचे मत आहे.

संग्रहालय सुमारे ७ एकरांत आहे. जुन्या स्वयंपूर्ण गावाचे ८० हून अधिक प्रसंग आणि ३०० च्या आसपास पुतळे, सगळे सिमेंटचे आणि माणसाएवढे. बारा बलुतेदार आहेत, शेत आहे, घरे आहेत. शाळेची सहल घेऊन गेलो की दोन तासांत सगळे उरकावे लागते, शिट्टी वाजवत. घरच्यांबरोबर मात्र सगळे बघायचेच नाही, असा आमचा नियम आहे. प्रत्येकाने आपली एक जागा निवडायची आणि तिथे मन भरेपर्यंत थांबायचे.

धाकट्याची जागा बैलांजवळ. मुलगी जात्यावर दळणाऱ्या बाईपाशी बसते आणि तिच्या हाताच्या शिरा निरखते. कलाकाराने त्या शिरा इतक्या खऱ्या केल्यात की मागच्या वेळी ती म्हणाली, "हे दादीचे हात आहेत." सासूबाईंनी लगेच पदराखाली हात लपवले, मग हसल्या. त्यांचे वडील पिंजारी होते. त्या कुठल्याही कारागिरासमोर उभ्या राहिल्या तरी गोष्ट मात्र धनुकलीच्या आवाजाची सांगतात. कापूस पिंजायला वडील गावोगाव फिरत. आवाज कानी आला की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकत. आता ते धनुकले घरात नाही आणि त्या आवाजाची नक्कल करता येणाऱ्या आमच्या घरात त्या एकट्याच. दर फेरीला आम्ही मुलांना ती नक्कल करायला लावतो. त्यांना ती साधत नाही.

मुलांच्या अब्बांची जागा सोनाराची. ते तिथे बराच वेळ काही न बोलता बसून राहतात. पैंजणाचे काम त्यांनी वडिलांकडून घेतले. मुशीत चांदी वितळवायची, भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढून ओढून बारीक करायची, कड्या जुळवायच्या, झाळायच्या, घुंगरू लावायचे. कड्या भरायचे काम आमच्या गल्लीत अजून बायका घरी करतात, शिकवणीला आलेली मुलेसुद्धा बोलता बोलता हात चालवतात. पण तार ओढणे, साखळी विणणे आता यंत्राकडे गेले. आमचे घरही त्यावर फार दिवस अवलंबून राहिलेले नाही, हे उघड आहे.

यंदा थोरल्याने विचारले, "अब्बा, तुमचा पुतळा इथे कधी बसणार?"

त्याने गमतीने विचारले होते. आमच्या मनात मात्र धस्स झाले. अब्बा पुतळ्याच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी तू तार ओढायला शीक, मग बघू." मुलगा बारावीत आहे, इंजिनियरिंगला जायचे म्हणतो. जायलाच हवे. त्याला दुकानावर बसवावे असे आम्हा दोघांनाही वाटत नाही. तरी परतताना गाडीत फार कोणी बोलले नाही.

पुढच्या रविवारी मात्र माळ्यावरची ती पोलादी पट्टी खाली आली. घासून झाली, तेल लागले. थोरल्याने दुपारभर तार ओढली. तीनदा तुटली. चौथ्यांदा वीतभर निघाली, जरा जाड-बारीक. दादीने ती वाकवून नातीच्या बोटात अंगठी करून घातली.

आता मुलगी म्हणते, पुढच्या ईदला आपली जागा जात्यापाशी नाही, अब्बांच्या शेजारी.