ज्योत आपोआप वाढू लागली की…

संपादकांनी फोनवर सांगितलं ते अगदी सरळ होतं: सहलीला न्यायला कोणता स्टोव्ह घ्यावा, हे वाचकांना समजेल असं लिहा. गॅसच्या शेगड्यांचे बर्नर तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीचे लोक पिशवीत स्टोव्ह घालून घरी येतात. तेव्हा लेख अवघड जाऊ नये. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर आलेलं एक कॅनिस्टर अजून डोक्यातून जात नाही, आणि ते वगळून या विषयावर लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

बारा-तेरा जणांचा एक गट नाणेघाटात मुक्कामाला गेला होता. मुलं जबाबदार, चार ठिकाणी चौकशी करून स्टोव्ह घेतलेला. कॅनिस्टरच्या तोंडावर थेट फिरवून बसवायचा तो छोटा बर्नर, नवाकोरा. सगळ्यांची खिचडी एकदम व्हावी म्हणून त्यावर चढवलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं. नाणेघाटातला वारा ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्योत भांड्याखाली ठरेना. मग त्यांनी एक पत्रा वाकवून स्टोव्हच्या चहूबाजूंनी आडोसा केला, बाहेरून दगड रचले. "काका, त्यानंतर ज्योत मस्त वाढतच गेली," असं त्यांच्यातला एक जण मला सांगत होता. मग खालून टक्कन आवाज आला. एका मुलीनं प्रसंगावधान राखून पत्रा बाजूला ओढला, दुसऱ्यानं हाताला फडकं गुंडाळून चावी बंद केली. कुणाला इजा झाली नाही.

ते कॅनिस्टर मी हातात घेऊन पाहिलं. याचा तळ आतल्या बाजूला दबलेला असतो. तो उलटून बाहेर फुगला होता, त्यामुळे टेबलावर ठेवलं की ते डुलायचं. तळ असा उलटला म्हणजे आतला दाब धातूला पेलवेनासा झाला होता. त्याच्या पुढची पायरी पत्रा फाटण्याची. स्टोव्ह मी पूर्ण उघडला. जेट साफ होतं, वॉशर शाबूत होता, चावी नीट बसत होती. स्टोव्हमध्ये काहीही दोष नव्हता. आणि मुलं मला विचारत होती, "मग कुठल्या कंपनीचा घ्यायला हवा होता?"

या प्रश्नाचंच मला वाईट वाटतं. दर वेळी प्रश्न कंपनीचाच येतो. भांडं केवढं, माणसं किती, वारा कुठून, हे कुणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही.

ज्योत का वाढली, ते समजून घ्या. कॅनिस्टरमध्ये मुख्यतः ब्युटेन असतो, थोडा प्रोपेन. आत तो द्रवरूप असतो आणि वापरू तसतशी त्याची वाफ होते. वाफ व्हायला लागणारी उष्णता तो स्वतःच्याच अंगातून घेतो, म्हणून स्टोव्ह चालू असताना कॅनिस्टर गार पडतं, बाहेरून दवही धरतं. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. थंडीत पहाटे कॅनिस्टर आणखी गारठतं, दाब उतरतो, ज्योत मरगळते. गॅस संपला असं समजून लोक अर्धं भरलेलं कॅनिस्टर टाकून देतात, ते त्यामुळेच. आता याच्या उलट पाहा. २० अंश सेल्सिअसला ब्युटेनचा दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो, ५० अंशांना तो पाचपटीच्या आसपास जातो. घरच्या शेगडीला मधे रेग्युलेटर असतो, तो दाब धरून ठेवतो. या छोट्या बर्नरांपैकी पुष्कळांना रेग्युलेटर नसतो. दाब वाढला की त्याच जेटमधून दुपटीहून जास्त गॅस सुटतो. ज्योत मोठी होते, पातेल्याच्या रुंद बुडावरून उष्णता खाली परतते, आडोसा ती बाहेर जाऊ देत नाही, कॅनिस्टर आणखी तापतं, दाब आणखी चढतो. हे चक्र आपणहून थांबत नाही. चावीला हात न लावता ज्योत वाढू लागली तर स्वयंपाक झकास चाललाय असं समजू नका, ताबडतोब बंद करा. कॅनिस्टरवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, पण डोंगरावर थर्मामीटर कोण नेणार? तळहात ठेवून पाहा. हात ठेववत नसेल तर आधीच उशीर झालेला आहे.

आडोशाविषयी मला इतकं तावातावानं बोलावं लागतं, कारण आडोसा केलाच पाहिजे आणि असा करताच कामा नये, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के भरावी लागते. आम्ही ती मोजायचो तेव्हा खोलीत वाऱ्याची झुळूकही येऊ द्यायचो नाही. त्या मोजमापाचा मला आजही अभिमान आहे. मात्र उघड्यावर तो आकडा लागू पडत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी लागतात आणि एक ग्रॅम गॅस सुमारे ११ किलोकॅलरी देतो. म्हणजे कणभरही उष्णता वाया गेली नाही तर सात ग्रॅम, अर्धी वाया गेली तर चौदा. वाऱ्यात याच्या दुप्पट-तिप्पट गॅस जाऊनही पाण्याला नुसता बुडबुडा येतो. आडोसा हवाच. पण तो बर्नर आणि भांड्यापुरता, आणि कॅनिस्टर त्याच्या बाहेर. म्हणून उघड्या जागी जाणाऱ्यांनी नळीचा स्टोव्ह घ्यावा. त्यात बर्नर आपल्या तीन पायांवर जमिनीलगत बसतो आणि कॅनिस्टर नळीच्या टोकाशी लांब राहतं. वजन थोडं जास्त, किंमतही जास्त. तरी मी तोच सुचवतो. डोक्यावर बसणाराच बर्नर असेल तर खडकाच्या किंवा भिंतीच्या आडाला बसा, नाहीतर वाऱ्याच्या बाजूनं सॅक उभी करा, पण ज्योतीपासून चांगली लांब. बाकीच्या बाजू मोकळ्या राहू द्या.

आता भांड्याकडे येऊ, कारण निवड तिथूनच सुरू होते. वरच्याच हिशेबानं दहा लिटर पाणी नुसतं उकळायला वारा नसतानाही १४० ग्रॅम गॅस जाईल. कॅनिस्टरमध्ये असतो २३० ग्रॅम. त्यात बाराजणांची खिचडी बसवायची म्हणजे बर्नरवर आणि पोरांवर दोघांवरही अन्याय. दोघा-चौघांचा चहा, मॅगी, उपमा यासाठी छोटा बर्नर उत्तम आहे. पातेलं दीड-दोन लिटरचं, झाकणासकट. झाकण न ठेवता पाणी तापवणारी माणसं पाहिली की मला राहवत नाही. उंचावर डाळ शिजत नाही ही तक्रारही खरी आहे. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं. तुरीच्या डाळीऐवजी मूगडाळ न्या, नाहीतर छोटा कुकर न्या. कुकरचं वजन वाचलेल्या गॅसमध्ये वसूल होतं.

आडव्या कॅनचा, खोक्यात बसणारा जपानी पद्धतीचा स्टोव्ह धरणाकाठी, गाडीनं जाणाऱ्या कुटुंबाला सोयीचा. त्याची एकच अट आहे: तवा किंवा कढई कॅनच्या कप्प्यावर येता कामा नये. भजी तळायला मोठी कढई ठेवायची तर हा स्टोव्ह घेऊ नका.

दहाच्या वर माणसं असतील तर अधिकृत एजन्सीतून ५ किलोचं सिलिंडर घ्या. वेगळी एका बर्नरची शेगडी, रेग्युलेटर आणि आयएसआय छापाची नळी. सिलिंडर उभंच ठेवायचं. आडवं केलं तर वाफेऐवजी द्रव गॅस बर्नरकडे येतो. गळती साबणाच्या फेसानं पाहा. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, खड्ड्यात साचून राहतो.

रस्त्याकडेच्या दुकानात भरून मिळणाऱ्या लाल छोट्या टाक्या, ज्यांच्या डोक्यावरच बर्नर असतो, त्या कृपा करून घेऊ नका. घरगुती सिलिंडरमधून असा गॅस काढून भरणं बेकायदा आहे. पण माझं भय कायद्याच्या पलीकडचं आहे. सिलिंडर कधीही काठोकाठ भरत नाहीत. द्रव गॅस तापला की फुगतो, म्हणून वर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी सोडावी लागते. अंदाजानं भरणाऱ्याला ही जागा राहिली की नाही ते कळत नाही. ती टाकी पुढे उन्हात, गाडीच्या डिकीत, मुलाबाळांच्या पायाशी प्रवास करते. आणि रेल्वेनं तर कुठलाच गॅस नेऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, माणसं गेली. कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमध्ये सॅकमधून कॅनिस्टर नेणाऱ्यांनी ते आठवावं.

रॉकेलच्या स्टोव्हबद्दल जुने गिर्यारोहक मला हटकून विचारतात. लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिरानं १८९२ साली प्रायमस आणला. वातीशिवाय, रॉकेलची वाफ करून जाळणारा. १९५३ साली एव्हरेस्टवरही प्रायमस होता. दाब आपण पंपानं देतो, त्यामुळे थंडीनं तो ढिला पडत नाही, आणि मोठं पातेलं आरामात पेलतो. काकडा पेटवायचा, बर्नर लाल होऊ द्यायचा, मग पंप मारायचा, भोक तुंबलं तर पिन. हे ज्याला येतं त्याच्या हाती याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण रॉकेल आता सहज मिळत नाही आणि बर्नर पुरेसा न तापवता पंप मारणारे भडका उडवतात. नव्या माणसाला मी तो सुचवत नाही, याची मला हळहळ वाटते.

राहिला पाऊस. सर आली की लोक पेटता स्टोव्ह तंबूत घेतात. प्रयोगशाळेत आम्ही धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडशी प्रमाण ०.०२ च्या वर गेलं तर शेगडी नापास करायचो. बंद तंबूत प्राणवायू कमी होत जातो, गार पातेल्याचं बूड ज्योतीला विझवत नेतं आणि हे प्रमाण कुठल्या कुठे जातं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्योत निळी दिसते म्हणून सगळं ठीक आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाऊस थांबेपर्यंत स्टोव्ह बंद ठेवा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग एवढं सामान बरोबर असू द्या, म्हणजे भुकेपोटी तो आत घ्यायची वेळ येणार नाही.