कोंडाण्यातील शागीर्दाची ओळख

लेक कर्जतमधल्या ज्या कारागिरांकडे काचेचे मणी शिकते, त्यांना ती उस्ताद म्हणते. टॉर्चच्या ज्योतीत काचेची कांडी मऊ करायची, माती लावलेल्या तारेवर काच गुंडाळायची, मग मणी गरम राखेत हळूहळू निवू द्यायचा. नानीच्या तसबीहसाठी 33 मणी हवे होते. घाईने बाहेर काढलेले तडकत गेले. ‘‘अम्मी, मला नाही जमणार,’’ म्हणत तिने जाणेच सोडले.

रविवारी तिला घेऊन कोंदिवड्यामार्गे कोंडाण्याची लेणी गाठली. वाट रानातली, चढणीची. सुमारे 2000 वर्षांपूर्वी कारागिरांनी या बौद्ध लेण्यांत लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल कातळात उतरवली. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे: कन्हाचा शिष्य बालक याने हे केले.

लेक बराच वेळ तिथेच उभी राहिली. ‘‘आधी उस्तादांचं नाव, मग स्वतःचं,’’ एवढंच म्हणाली.

सोमवारी ती पुन्हा शिकायला गेली. आतापर्यंत 19 मणी न तडकता निघाले आहेत. उरलेल्यांची नानीलाही घाई नाही.